फोटो उघडला म्हणजे काय होते?

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात महिला मंडळाची बैठक होती. बैठक आटोपल्यावर एक ताई मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "दादा, सकाळचा फुलांचा फोटो उघडला की बँकेतले पैसे जातात म्हणतात. खरं आहे का हे?" असे त्यांनी विचारले. विचारण्यापूर्वीच त्यांनी भीतीपोटी व्हॉट्सॲपवरील सारे फोटो पुसून टाकले होते. फुलांबरोबर मुलीच्या जातपडताळणीसाठी काढून ठेवलेल्या कागदांचे फोटोही गेले. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळविण्यासाठी गावच्या शाळेत त्यांचे दोन हेलपाटे झाले होते. मूळ प्रत दिराकडे गावी होती, म्हणून तिसरा हेलपाटा.

नोकरीनिमित्त माझी बरीच वर्षे संगणकासमोर गेली असल्याने वसाहतीतील मंडळी असे प्रश्न मला विचारतात. मी ताईंना म्हणालो, "तसं काही नसतं. फोटो म्हणजे नुसता फोटो असतो." घरी आल्यावर वाटू लागले, की आपण त्यांना धीर दिला खरा, पण उत्तर चुकीचे दिले. फोटो म्हणजे नुसता फोटो नसतो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर दुरुस्त करून सर्वच वाचकांपुढे मांडत आहे.

आपण कागदावरचा फोटो पाहतो तेव्हा डोळा आणि कागद यांच्यामध्ये कोणी नसते. मोबाइलवरचा फोटो मात्र फोनच्या पोटात आकड्यांची एक लांबलचक रांग असते. ती रांग वाचून पडद्यावर रंगांचे ठिपके मांडण्याचे काम एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, करीत असतो. आपण फोटोवर बोट ठेवले की फोटो 'उघडत' नाही, तर हा प्रोग्रॅम कामाला लागतो. परक्या माणसाने पाठविलेली आकड्यांची रांग तो एकेक करून वाचतो आणि त्या आकड्यांच्या सांगण्यावरून स्मृतीत किती जागा घ्यायची, काय कोठे ठेवायचे, हे ठरवितो. सारा घोटाळा या 'सांगण्यावरून' शब्दात आहे.

उदाहरण म्हणून जेपीईजी हा प्रकार घेऊ. कॅमेऱ्याचे बहुतेक फोटो याच प्रकारचे असतात. अशा प्रत्येक फोटोची सुरुवात २५५ आणि २१६ या दोन आकड्यांनी होते. त्यापुढे निरनिराळे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी तो कशाचा आहे याची खूण असते आणि पुढच्या दोन घरांत त्या कप्प्याची लांबी लिहिलेली असते. २५५ आणि २५४ अशी खूण आली, की तो शेऱ्याचा कप्पा समजावा. छायाचित्रकाराचे नाव, एखादी टीप असा मजकूर त्यात असतो. चित्राशी त्याचा काही संबंध नसतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तो कप्पा सोडून दिला तरी फोटो तसाच दिसतो.

या लांबीत एक बारकावा आहे. लांबी लिहायला जी दोन घरे लागतात तीही त्या लांबीतच धरलेली असतात. बाजार समितीत धान्याच्या पोत्याचे वजन बारदानासह होते, तसेच हे. बारदान वजा केले की निव्वळ धान्य उरते. येथे बारदान नेहमी दोनचे. लांबी ५२ लिहिली असेल तर शेरा ५० अक्षरांचा. शेरा रिकामा असेल तर लांबी २. दोनपेक्षा कमी लांबी असूच शकत नाही, कारण बारदानापेक्षा पोते हलके कसे असेल?

पण एखाद्याने मुद्दाम शून्य लिहिले तर? माणूस हमाल असता तर हसला असता. प्रोग्रॅम हसत नाही, तो मुकाट्याने शून्यातून दोन वजा करतो. उत्तर उणे दोन. आता संगणकात पुष्कळ ठिकाणी उणे आकड्यांची सोयच ठेवलेली नसते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा शून्यावर असताना उलटा फिरविला तर उणे न दाखविता तो सगळे नऊ दाखवील, तसे होते. उणे दोनचे होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९४. म्हणजे रिकाम्या शेऱ्यासाठी बेताची जागा घेऊन बसलेला प्रोग्रॅम आता चारशे एकोणतीस कोटी अक्षरे त्या जागेत उतरवून घेऊ लागतो. ती मावत नाहीत. ती शेजारच्या जागेत सांडतात.

सांडली तर फार तर प्रोग्रॅम बंद पडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. बऱ्याचदा तसेच होते. पण स्मृतीत शेजारी काय आहे, हे महत्त्वाचे. कचेरीत एका लांब रजिस्टरमध्ये अर्जदाराचा मजकूर लिहिण्याचा रकाना आहे आणि लगतच्या रकान्यात 'पुढील कार्यवाही कोणाकडे' हे साहेबांनी लिहून ठेवले आहे, अशी कल्पना करा. अर्जदाराने मजकूर इतका लांबविला, की तो शेजारच्या रकान्यावर चढला आणि साहेबांच्या अक्षरावर त्याचे अक्षर बसले. शिपाई पुढे रजिस्टर उचलतो, रकान्यात काय लिहिले आहे ते वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. कोणी लिहिले हे तो विचारीत नाही. संगणकाच्या स्मृतीतही चित्राचा माल आणि 'यानंतर कोणते काम करायचे' याचे पत्ते असे शेजारी शेजारी असतात. घुसखोर आपला शेरा अशा बेताने रचतो, की सांडलेल्या आकड्यांतील नेमके हवे ते आकडे त्या पत्त्याच्या जागी पडावेत. मग संगणक फोटोतच दडवून आणलेल्या आज्ञा पाळू लागतो. तेथून पुढे तो फोटो राहत नाही, घरात शिरलेला माणूस होतो.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. जुलै २००० मध्ये 'सोलर डिझायनर' या टोपणनावाने काम करणाऱ्या रशियन तज्ज्ञाने नेटस्केप या त्या काळच्या लोकप्रिय ब्राउझरमध्ये अगदी हीच चूक दाखवून दिली. शेऱ्याची लांबी दोनपेक्षा कमी आहे की नाही, हे कोणी तपासलेच नव्हते. चूक जाहीर झाली, दुरुस्त झाली, तिच्यावर सविस्तर लिहिले गेले. आणि १४ सप्टेंबर २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला जाहीर करावे लागले, की विंडोज एक्सपी आणि ऑफिस यांत चित्रे वाचणाऱ्या जीडीआय प्लस या भागात जेपीईजीच्या शेऱ्याची तीच चूक आहे. तोच कप्पा, तीच वजाबाकी, चार वर्षांनंतर! दुसऱ्याच्या घरी चोरी झाली तेव्हा आपल्या कडीला हात लावून पाहण्याची सवय मोठ्या कंपन्यांनाही नसते, असे दिसते.

त्या वेळची खरी अडचण दुसरीच होती. जीडीआय प्लस हा भाग केवळ विंडोजमध्ये नव्हता. निरनिराळे प्रोग्रॅम स्वतःबरोबर त्याची एकेक प्रत घेऊन येत. विंडोज दुरुस्त केली तरी एखाद्या फोटो छापण्याच्या प्रोग्रॅमजवळची जुनी प्रत तशीच राही. एका किल्लीच्या दहा नकला गावभर वाटल्यावर दारावरचे एकच कुलूप बदलण्यासारखे ते झाले. मायक्रोसॉफ्टला अशा प्रती शोधण्यासाठी वेगळे साधन द्यावे लागले. त्याच महिन्यात इंटरनेटवरील चर्चागटांत विषारी फोटो टाकलेले आढळले.

२००५ च्या डिसेंबरात आलेले प्रकरण याहून वेगळे, आणि माझ्या मते अधिक बोलके आहे. डब्ल्यूएमएफ नावाचा चित्रांचा प्रकार विंडोजच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून होता. त्यात ठिपक्यांऐवजी 'येथून तेथपर्यंत रेघ ओढ, येथे वर्तुळ काढ' अशा सूचनांची यादी असते. ज्या काळी छपाईला फार वेळ लागे त्या काळी त्या यादीत एक सोय ठेवली होती. छपाई मध्येच रद्द झाली तर कोणते काम करायचे, तेही चित्रालाच सांगता येई. म्हणजे चित्राने आज्ञा द्यायची आणि संगणकाने ती पाळायची, हे येथे चुकून घडत नव्हते, ते नियमातच होते. ज्यांनी ती सोय केली त्यांच्या काळी चित्रे आपल्याच कचेरीतली असत. परक्या देशातून कोणी चित्र पाठवील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. काळ बदलला, सोय तशीच राहिली. त्या नाताळानंतर काही दिवसांतच अशा चित्रांनी भरलेली संकेतस्थळे वाढू लागली. चित्राच्या नावापुढे जेपीजी लिहून चकविले तरी विंडोज आतला मजकूर ओळखून ते डब्ल्यूएमएफ म्हणूनच वाची. फाइलींची सूची करणारा एखादा प्रोग्रॅम संगणकावर असेल, तर माणसाने चित्र न उघडताही काम होई, कारण सूची करण्यासाठी तो प्रोग्रॅमच ते चित्र वाचून पाही. इल्फाक गिल्फानोव्ह या तज्ज्ञाने मायक्रोसॉफ्टची वाट न पाहता ३१ डिसेंबरला स्वतःच तात्पुरती दुरुस्ती लोकांना दिली. कंपनीची दुरुस्ती ५ जानेवारी २००६ रोजी, ठरल्या दिवसाच्या पाच दिवस आधी, बाहेर पडली.

आता आपल्या हातातील मोबाइलकडे वळू. २०१९ मध्ये अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपमध्ये हलत्या चित्रांच्या, म्हणजे जीआयएफच्या, वाचनात एक दोष सापडला. लॉजमधील एकच खोली कारकुनाने रजिस्टरमध्ये दोनदा रिकामी दाखविली, तर ती दोन गिऱ्हाइकांना दिली जाईल आणि एकाचे सामान दुसऱ्याच्या हाती लागेल. त्या दोषात स्मृतीतील जागेचे असेच होई. फोनमध्ये तसे चित्र येऊन पडलेले असले आणि मालकाने दुसराच कोणता तरी फोटो पाठविण्यासाठी व्हॉट्सॲपमधून गॅलरी उघडली, तरी पुरेसे होते. गॅलरीत छोटी चित्रे दाखविण्यासाठी प्रोग्रॅमला साऱ्या फाइली वाचाव्याच लागतात. हा दोष व्हॉट्सॲपने त्याच वर्षी दुरुस्त केला आणि कोणाचे नुकसान झाल्याचे दिसत नाही, असे सांगितले. २०२० मध्ये गूगलच्या एका संशोधकाने २०१४ च्या अखेरीपासून विकल्या गेलेल्या सॅमसंग फोनांतील चित्रवाचनात मोठा दोष दाखविला. त्यात फोनच्या मालकाने काहीही न करता, केवळ त्याच्याकडे चित्रसंदेशांचा मारा करून आत शिरता येत होते.

'काहीही न करता' हा भाग ताईंच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. अनोळखी फोटो उघडू नका, एवढ्या सल्ल्याने भागत नाही. फोटो आला की त्याची छोटी प्रत दाखविण्यासाठी फोन स्वतःच तो वाचतो. आपले बोट नंतर येते.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनमधील अशा फाइली उजेडात आणल्या. नाव जीआयएफ, पण आत पीडीएफ होती आणि तिच्या पोटात जेबीआयजी२ या प्रकारचे चित्र होते. हा प्रकार फॅक्स व स्कॅन केलेल्या कागदांसाठी बनविलेला, कृष्णधवल मजकूर दाबून लहान करणारा. आयफोनवर आज त्याचा कोणी क्वचितच उपयोग करीत असेल, पण वाचण्याची व्यवस्था आत होती. त्यात बेरीज करताना आकडा स्कूटरच्या मीटरसारखाच उलटला, जागा थोडी घेतली गेली आणि माल मोठा उतरला. पुढे गूगलच्या तज्ज्ञांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात जे लिहिले ते वाचून मी थक्क झालो. घुसखोरांनी त्या चित्रातील सत्तर हजारांहून अधिक सूचना अशा रचल्या होत्या, की काळे-पांढरे ठिपके मांडण्याच्या क्रियांमधूनच बेरीज आणि तुलना करणारा एक छोटा संगणक उभा राहावा. त्या चित्रातील संगणकाने मग फोनचा ताबा घेण्याचे उरलेले काम केले. ॲपलने आलेले संदेश तपासण्यासाठी एक बंद खोली अगोदरच बांधली होती, पण जीआयएफचे हे काम त्या खोलीच्या बाहेर चालत होते. बुद्धी किती मोठी आणि ती कोणत्या कामाला लावली! ही हत्यारे इस्रायलमधील एनएसओ ग्रुप या कंपनीच्या पेगॅसस हेरप्रणालीसाठी वापरली गेली, असा सिटिझन लॅबचा निष्कर्ष होता. आपण केवळ सरकारांनाच माल विकतो, असे ती कंपनी सांगत आली आहे.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, पुन्हा तेच. या वेळी चित्राचा प्रकार वेबपी. त्यात रंगांची माहिती दाबून ठेवण्यासाठी संकेतांचे तक्ते असतात. तक्ता जास्तीत जास्त केवढा होईल याचा हिशेब करून प्रोग्रॅम जागा घेत असे. पण तो हिशेब नियमाने बनविलेल्या तक्त्यांचा होता. नियम मोडून बनविलेला तक्ता त्या जागेत मावत नसे, आणि तक्ता नियमात आहे की नाही याची तपासणी तो लिहून झाल्यावर होई. पाहुणे जेवून गेल्यावर आमंत्रणपत्रिका पाहण्यासारखे हे झाले. ॲपलने ७ सप्टेंबरला आणि गूगलने क्रोमसाठी ११ सप्टेंबरला दुरुस्ती दिली. परंतु वेबपी वाचणारा तोच भाग फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडमध्ये आणि संगणकावरील कितीतरी प्रोग्रॅमांत होता. २००४ च्या त्या गावभर वाटलेल्या किल्ल्या पुन्हा निघाल्या! ज्या हल्ल्यातून हा सारा प्रकार उघड झाला, त्याच जातीचा हल्ला ऑगस्ट २०२३ मध्ये भारतातील एका पत्रकाराच्या आयफोनवर झाला होता, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयोगशाळेने त्या डिसेंबरात जाहीर केले.

हे वाचून कोणी म्हणेल, आम्ही ना पत्रकार ना पुढारी, आमच्यामागे कोण लागणार? यात तथ्य आहे. नवा, कोणालाही ठाऊक नसलेला असा दोष फार मोठ्या किमतीला विकला जातो आणि तो धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या फोनवर कोणी खर्च करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंपनीने दुरुस्ती बाहेर काढली की जुना व नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून फरक कोठे आहे, हे कोणताही जाणकार पाहू शकतो. फरक सापडला की दोष सापडला. त्या दिवसापासून महाग हत्यार स्वस्त होऊ लागते आणि ज्याने दुरुस्ती घेतली नाही त्याचे दार मात्र उघडेच असते. श्रीमंताचा फोन दर वर्षाला बदलतो. आपल्या घरात मोठ्या मुलाचा फोन धाकट्याकडे, धाकट्याचा आईकडे येतो, आणि त्याच फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज, पेन्शनचा संदेश व बँकेचा ओटीपी येतो. दुरुस्त्या कंपनीने कधीच बंद केल्या आहेत, हे त्या आईला कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटी 'फोनविषयी' असा भाग असतो. त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीजवळ सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. काही फोनांत ती सुरक्षेच्या भागात सापडते. ती नोव्हेंबर २०२३ किंवा त्यानंतरची असेल तर निदान वर सांगितलेला वेबपीचा दोष बुजलेला आहे. तारीख जितकी ताजी तितके बरे. फोनच्या मूळ दुरुस्त्या बंद झाल्या असल्या तरी व्हॉट्सॲप आणि क्रोम यांच्या दुरुस्त्या प्ले स्टोअरमधून वेगळ्या येतात, जोपर्यंत ती कंपनी त्या जुन्या फोनला सांभाळते. त्या थांबवू नयेत. 'डेटा जातो' म्हणून अपडेट बंद करून ठेवणारे आमच्या वसाहतीत बरेच आहेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये फोटो आपोआप उतरवून घेणे बंद करता येते. त्याने डेटाही वाचतो. ज्यांना कामामुळे खरोखर धोका आहे अशांसाठी आयफोनमध्ये २०२२ पासून लॉकडाउन मोड आहे. तो चालू असता तर २०२३ चा हल्ला अडला असता, असे सिटिझन लॅबने म्हटले आहे.

आणखी एक भेद ताईंना तेव्हाच सांगायला हवा होता. आपल्याकडे 'लग्नपत्रिका' म्हणून येणाऱ्या ज्या फायलींनी लोकांची खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी येतात, त्या बहुतेक फोटो नसतातच. त्यांच्या नावाच्या शेवटी एपीके असते. तो पूर्ण प्रोग्रॅम असतो. तो बसविण्यापूर्वी फोन परवानगी विचारतो आणि आपणच 'हो' म्हणतो. नंतर तो आपले ओटीपी वाचत बसतो. तेथे मात्र सारे आपल्या बोटावर आहे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

मागच्या महिन्यात मी ताईंच्या घरी जाऊन त्यांचा फोन पाहिला. तो त्यांच्या पुतण्याने वापरून दिलेला. सुरक्षा अपडेटची तारीख होती ऑगस्ट २०१९. नवा फोन घ्या असे सांगणे सोपे होते, पण त्यांच्या घरचा हिशेब मला ठाऊक आहे. मग आम्ही बसून एवढेच केले. बँकेचे ॲप त्या फोनमधून काढले आणि बँकेत जाऊन खात्याचा मोबाइल क्रमांक बदलून घेतला. ओटीपी आता मुलीच्या जरा नव्या फोनवर येतात. व्हॉट्सॲप अद्ययावत केले, फोटो आपोआप उतरणे बंद केले. जातपडताळणीच्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. निघताना ताईंनी विचारले, "म्हणजे फुलांचे फोटो बघितले तर चालतील ना आता?" मी म्हणालो, "बघा. पण फोन नवा घ्याल तेव्हा दुकानदाराला दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, ते आधी विचारा." त्यांनी ते मुलीच्या वहीत लिहून घ्यायला लावले.